वस्वसा आणि इस्लाह

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले की पालकांची ये-जा वाढते. कुणाला सायन्सला प्रवेश हवा असतो, कुणाला आयटीआयची माहिती, कुणाला शिष्यवृत्तीचा फॉर्म. या गर्दीत एखादी अम्मी मागे थांबते आणि सगळे गेल्यावर हळूच विचारते, "हिचा हात फार चांगला आहे हो. मेहंदी बघा, ड्रॉइंग बघा. पण चित्रकलेवर कुणाचं घर चालतं का?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे देऊच. पण इतकी वर्षे वर्गात काढल्यावर आमच्या लक्षात एक गोष्ट आली आहे. बहुतेक मुलांची कला अब्बांच्या नकारामुळे थांबत नाही. ती त्याच्या आधीच थांबलेली असते. सहावी-सातवीत वहीच्या मागच्या पानांवर फुले, पक्षी, घरे, मशिदीचे मिनार काढणारे मूल नववीत येते आणि त्याची पाने कोरी दिसू लागतात. विचारले तर एवढेच सांगते, "मला नाही जमत."

काय झालेले असते? स्पर्धेत नंबर आलेला नसतो. ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेत 'सी' मिळालेला असतो. मोठा भाऊ हसलेला असतो. मोबाईलवर त्याच वयाच्या कुणाचे तरी सफाईदार चित्र पाहिलेले असते. कारण लहान असते, पण त्यातून निघालेला निष्कर्ष फार मोठा असतो: आपल्यात ते नाहीच.

हा निष्कर्ष तपासून पाहायला हवा. त्यासाठी आपल्या घरात रोज वापरले जाणारे दोन शब्द उपयोगी पडतात, वस्वसा आणि इस्लाह.

वस्वसा म्हणजे मनात कुजबुजणारी शंका. वुजू नीट झाला की नाही म्हणून पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या माणसाला घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, "वस्वसा आहे, सोड." इस्लाह म्हणजे दुरुस्ती. उर्दू शायरीत शागीर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा मिसरा कापतो, त्याला इस्लाह म्हणतात. तरुण इक्बालांनी आपल्या गझला टपालाने दाग देहलवींकडे इस्लाहसाठी पाठवल्या होत्या. पुढे ज्यांच्या नावाने शतक ओळखले गेले, त्यांनीही आपले कागद आधी दुसऱ्याच्या लेखणीखाली ठेवले होते.

वस्वसा आणि इस्लाह दोन्ही आपल्याला एकच वाक्य ऐकवतात, "यात काहीतरी कमी आहे." फरक पुढच्या प्रश्नात आहे. "नेमके काय कमी आहे?" असे विचारले की इस्लाहकडे उत्तर असते: हा हात लांब झाला आहे, हा रंग मळला आहे, ही ओळ वजनात नाही. वस्वशाकडे उत्तर नसते. तो तेच वाक्य पुन्हा म्हणतो, फक्त आवाज वाढवून.

या महिन्यात आम्ही एका चित्रकाराची गोष्ट सांगणार आहोत, ज्यांना हा फरक आयुष्यभरात अनेकदा करावा लागला. त्यांचे नाव सय्यद हैदर रझा.

वनखात्यातल्या कर्मचाऱ्याचा मुलगा

रझांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 रोजी मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात, बाबरिया नावाच्या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीला होते. त्यामुळे बालपण नर्मदेच्या परिसरात, जंगलात गेले. अभ्यासात लक्ष लागत नव्हते. प्राथमिक शाळेतल्या त्यांच्या मास्तरांनी एक साधा उपाय केला. त्यांनी एक ठिपका काढला आणि मुलाला त्याच्याकडे बघत बसायला सांगितले. मन इकडेतिकडे पळणाऱ्या मुलाला एका जागी आणायची ही मास्तरांची युक्ती होती. हा ठिपका वाचकांनी लक्षात ठेवावा.

बारा वर्षांचे असताना त्यांना चित्रांचा नाद लागला. पुढे शिक्षण दमोहला झाले आणि 1939 ते 1943 या काळात नागपूरच्या कलाशाळेत. त्या काळी नागपूर आणि विदर्भ मध्य प्रांतात होते, म्हणून मंडल्याच्या मुलासाठी नागपूर हे आपल्याच प्रांतातले शहर. नंतर त्यांनी गोंदियाला चित्रकला शिक्षकाची नोकरी धरली. आमच्यासारख्या खडू-फळ्याच्या माणसांना हे वाचून बरे वाटते.

मग सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची संधी आली. 1857 साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे चित्रकाराच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत मोठ्या दरवाजांपैकी एक. रझांनी नोकरी सोडली आणि मुंबई गाठली. पण पोहोचायला उशीर झाला होता. वर्ग केव्हाच सुरू झाले होते आणि जागा भरल्या होत्या. प्रवेश नाही मिळाला, आणि प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्तीही गेली.

क्षणभर त्यांच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. वय एकवीस-बावीस. नोकरी सोडलेली. शिष्यवृत्ती गेलेली. शहर परके. अशा वेळी वस्वसा काय म्हणत असेल हे सांगायला नको. "नशिबातच नव्हते. घरी चल." विदर्भात परत जाऊन पुन्हा शिक्षकी पत्करणे अवघड नव्हते, आणि तसे केले असते तर कुणी नावही ठेवले नसते.

रझा मुंबईतच राहिले. छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत त्यांना कामे मिळाली. आजच्या मुलांना ब्लॉक माहीत नसेल. त्या काळी पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात चित्र छापायचे तर त्याचा धातूचा ठसा करावा लागे, तोच ब्लॉक. तिथे रझा डिझाइनचे काम करत. दिवसभर पोटासाठी काम, संध्याकाळी ड्रॉइंगचा अभ्यास आणि मधल्या वेळात मुंबईच्या रस्त्यांची जलरंगातली चित्रे. पुढे जे. जे.चा दरवाजाही उघडला. 1946 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले आणि सोसायटीचे रौप्यपदक मिळाले.

यातून आम्हाला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, हा अडथळा त्यांच्या हाताच्या कसबाविषयी काहीच सांगत नव्हता. उशीर झाला होता, बस. पण असा बंद दरवाजा समोर आला की माणूस त्याचा अर्थ "मी लायक नाही" असा लावतो. मुलाला प्रवेश मिळाला नाही, स्पर्धेत नंबर आला नाही, तर आधी कारण शोधावे. कारण तारखेचे आहे, पैशाचे आहे की कामाचे, हे वेगळे केल्याशिवाय रडू नये आणि रागावूही नये.

दुसरी गोष्ट, दरवाजा बंद झाल्यावर ते कलेपासून दूर गेले नाहीत. मनासारखे काम मिळाले नाही, तरी कागद, रेघ आणि रंग यांच्या जवळचे काम धरले. त्यांचे साथीदारही असेच होते. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवत होते, लाकडी खेळण्यांची डिझाइन करत होते. के. एच. आरा यांचे आईवडील लहानपणीच गेलेले, मुंबईत ते घरगड्याचे काम करत. याच मंडळींनी 1947 साली फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप सुरू केला. हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे मराठी कलावंतही त्यात होते. आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास या गटाचे नाव घेतल्याशिवाय लिहिता येत नाही.

"इमारत कुठे आहे?"

1947 हे वर्ष रझांसाठी गटाच्या स्थापनेचे वर्ष होते, तसेच आईच्या मृत्यूचे होते. पुढच्या वर्षी मंडल्याला वडील गेले. फाळणीनंतर बहुतेक भावंडे पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले. अशा हलाखीच्या काळात माणूस कौतुकाचे दोन शब्द शोधतो. रझांना त्या वेळी भेटली ती टीका.

1948 साली ते काश्मीरमध्ये होते. श्रीनगरला त्यांची गाठ आंरी कार्तिये-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. हे त्या काळचे जगभर नावाजलेले छायाचित्रकार. त्यांनी रझांची चित्रे पाहिली आणि मत सांगितले. त्याचा सारांश असा: तुझ्या अंगी गुण आहेत, पण चित्रात बांधणी नाही. घराला जसा पाया, भिंती, तुळया आणि छप्पर असते तसे चित्रालाही लागते. सेझान या चित्रकाराचा अभ्यास कर.

तोवर रझांना पदक मिळालेले होते. आपली चित्रे विकली जातात हे त्यांना माहीत होते. त्यांना तोंड फिरवता आले असते, "हा फोटो काढणारा माणूस, याला रंगातले काय कळते?" किंवा याच्या उलट टोकाला जाऊन, "एवढा मोठा माणूस म्हणतो म्हणजे आपले काही खरे नाही" म्हणून ब्रश खाली ठेवता आला असता. आपल्याकडे टीका ऐकल्यावर मुले यातलेच एक करतात. एक तर भांडतात, नाहीतर सोडून देतात.

रझांनी तिसरा मार्ग धरला. ही शंका त्यांनी इस्लाह म्हणून घेतली, कारण तिच्यात नेमकेपणा होता. काय कमी आहे हे सांगितलेले होते आणि कुठे शिकायचे तेही. त्यांनी फ्रेंच भाषा शिकायला घेतली. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि 1950 साली पॅरिसला गेले. तिथल्या प्रसिद्ध कलाशाळेत 1953 पर्यंत शिकले. ज्या सेझानचे नाव काश्मीरमध्ये ऐकले होते, त्याची मूळ चित्रे डोळ्यांनी पाहिली. चित्रातली घरे, झाडे, आकाश यांची मांडणी घट्ट होत गेली. 1956 साली पॅरिसच्या समीक्षकांचा 'प्री द ला क्रितीक' हा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो मिळण्याची ती पहिली वेळ होती.

एका कडू वाक्यापासून या पुरस्कारापर्यंत आठ वर्षे लागली, हेही ध्यानात घ्यावे. मुलांना टीका ऐकून आठ दिवसांत सुधारायचे असते आणि आपल्याला तर आठ मिनिटांत.

यश मिळाल्यावर आलेली शंका

गोष्ट इथे संपली असती तर ती नेहमीच्या यशोगाथेसारखी झाली असती. मेहनत केली, फळ मिळाले. पण रझांच्या आयुष्यातली सर्वांत खोल शंका यानंतर आली, म्हणून आम्हाला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

1959 साली त्यांनी झानिन मोंजिला या फ्रेंच चित्रकर्तीशी लग्न केले. 1962 साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात पाहुणे अध्यापक म्हणून बोलावणे आले. नाव होते, काम होते, घर होते. आणि 1970 च्या दशकात, पन्नाशीला आलेल्या या माणसाला आपल्याच चित्रांचा कंटाळा येऊ लागला. चित्रे देखणी होती. मग अडचण काय होती? ही चित्रे पॅरिसमधल्या कुणीही चांगल्या चित्रकाराने काढावीत अशी होती. त्यांत मंडल्याचा मुलगा कुठे होता?

आपल्याकडे एक समज आहे की शंका फक्त नवख्याला येते, एकदा नाव झाले की माणूस निश्चिंत होतो. तसे नसते. कला करणाऱ्याला शंका जन्मभर सोबत करते. शिकणाऱ्या मुलांना हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे शंका आली की ती घाबरत नाहीत. ताप येतो तशी ती येते. आली म्हणून माणूस संपत नाही, आणि कशामुळे आली हे पाहिल्याशिवाय औषधही देता येत नाही.

रझांनी या वेळीही नेमके काय कमी आहे हे शोधले. ते भारतात येऊ लागले. अजिंठा आणि वेरूळच्या लेणी पाहिल्या. बनारस, गुजरात, राजस्थान पाहिले. या फिरण्यातून, वाचण्यातून आणि मनात जपलेल्या आठवणींतून 1980 च्या सुमारास त्यांच्या चित्रांत एक मोठे काळे वर्तुळ येऊन बसले. त्याला त्यांनी 'बिंदू' म्हटले. मास्तरांनी चंचल मुलासाठी काढलेला तो ठिपका पन्नास वर्षांनी परत आला होता. त्याच्याभोवती त्रिकोण, चौकोन, वर्तुळे आणि मातीचे, सूर्याचे, रात्रीचे रंग उभे राहिले. आज रझा म्हटले की आधी तो बिंदूच आठवतो.

1981 साली त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे पद्मभूषण आणि 2013 साली पद्मविभूषण. 1983 साली काढलेले त्यांचे 'सौराष्ट्र' हे चित्र 2010 मध्ये लंडनच्या लिलावात 16 कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. ते चित्र या बदलानंतरच्या काळातले आहे. पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून, ते भारतात राहायला आले. 23 जुलै 2016 रोजी वयाच्या 94 व्या वर्षी दिल्लीत त्यांचा इंतिकाल झाला आणि मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले.

या कोटींचा आकडा पाहून मुलाला चित्रकलेला घालू नये, हेही सांगून ठेवतो. तो लिलाव झाला तेव्हा रझा 88 वर्षांचे होते. अशा किमती हजारोंमध्ये एखाद्याच्या वाट्याला येतात. घ्यायचेच तर गोंदियापासून बिंदूपर्यंतचा रस्ता घ्यावा. तो कुणालाही चालता येतो.

काळे झालेले कागद

आता हा रस्ता रोज कसा चालायचा? याचे उत्तर आपल्या खत्तातीच्या, म्हणजे सुलेखनाच्या, परंपरेत आहे. उर्दू शिकवताना आम्ही मुलांच्या हातात कधी कधी बरूची लेखणी देतो. पहिले काही दिवस फक्त अलिफ, मग बे. आधी सुटी अक्षरे, मग जोडलेली. सरावाला 'मश्क' म्हणतात. जुन्या काळी कागद महाग होता. त्यामुळे खत्तात एकाच कागदावर आडवे, तिरपे, उलटे, अक्षरावर अक्षर लिहीत जात आणि शेवटी कागद शाईने काळा होई. त्याला इराणात 'सियाह मश्क' म्हणू लागले, म्हणजे काळा सराव. पुढे गंमत अशी झाली की हे कागद स्वतःच कलाकृती ठरले. रसिकांनी ते अल्बममध्ये जपून ठेवले आणि उस्ताद खत्तात मुद्दाम त्या पद्धतीने लिहू लागले.

तुर्कस्तानच्या उस्मानी परंपरेत आणखी एक शिस्त होती. उस्तादाने इजाजत दिल्याशिवाय शागीर्द आपल्या कामाखाली सही करत नसे. त्याला वर्षे लागत. आज हे ऐकून मुलांना वाटते, केवढा जाच! आम्हाला मात्र त्यात मोठी सवलत दिसते. सही करायची नाही म्हणजे तोवर "मी मोठा कलाकार आहे का?" हा प्रश्नच नाही. आजचे अक्षर कालच्यापेक्षा बरे आले का, एवढेच पाहायचे. आता पहिले चित्र काढले की लगेच ते जगाला दाखवायचे, किती जणांना आवडले ते मोजायचे आणि आकडा कमी आला की खचायचे. मश्क व्हायच्या आधीच सही, असा हा प्रकार आहे.

कधी कधी शंका माणसाच्या आतून येत नाही, काळच फटका देतो. संगणकावर नस्तालीक लिपी आली आणि उर्दू वर्तमानपत्रांत हाताने मजकूर लिहिणाऱ्या कातिबांची गरज संपत गेली. हात सोन्याचा असून काम गेले. काहींनी वेगळा व्यवसाय धरला. काहींनी तीच लेखणी लग्नपत्रिका, फलक, भिंतीवर लावायच्या आयती आणि शिकवण्या यांच्याकडे वळवली. यंत्राने काम घेतले, पण हुनर घेतला नाही. आता संगणक स्वतःच चित्र काढून देऊ लागला आहे, तेव्हा चित्रकार मुलांनाही हा प्रश्न पडणार आहे. कातिबांच्या अनुभवातून शिकायचे ते हे की एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये आणि हात बसवणे थांबवू नये.

घराने काय करावे?

सुरुवातीचा प्रश्न राहिलाच आहे: चित्रकलेवर घर चालते का? चालते, पण बहुतेकांचे एका उडीत चालत नाही. शाळेतला कलाशिक्षक, जाहिरातीतला डिझायनर, कापडाची नक्षी करणारा, पुस्तकांची चित्रे काढणारा, ॲनिमेशनवाला, घरांची अंतर्गत सजावट करणारा, मेहंदीची ऑर्डर घेणारी, हे सगळे हाताच्या कसबावर घर चालवतात. पोटासाठी धरलेले काम म्हणजे कलेशी बेइमानी नव्हे. रझांनी ब्लॉकच्या स्टुडिओत आणि हुसेन यांनी होर्डिंगखाली काढलेले दिवस वाया गेले नाहीत.

काही घरांत सजीवांच्या चित्रांबद्दल संकोच असतो. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. हा मसला ज्या त्या घराने आपल्या आलिमांना विचारावा. पण एवढ्या कारणाने मुलाच्या हातातला ब्रशच काढून घेऊ नये. खत्ताती, वेलबुट्टी, भौमितिक नक्षी, कापड, निसर्गचित्र, इमारतींचा आराखडा हे सारे मैदान मोकळे आहे. बिबी का मकबऱ्यातली संगमरवरी जाळी किंवा हिमरू शालीवरची नक्षी मुलांना जवळ नेऊन दाखवा. आणि रझांचीच चित्रे पाहा. तरुणपणी गावे, गल्ल्या आणि डोंगर, उत्तरायुष्यात वर्तुळ, त्रिकोण आणि रंग.

आता काही साध्या गोष्टी.

तारखा सांभाळा. उशीर झाल्याने रझांची शिष्यवृत्ती गेली, आजही हुशार मुलांच्या संधी तशाच जातात. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंग ग्रेड परीक्षा देता येतात. बारावीनंतर बी.एफ.ए.साठी राज्याची वेगळी सीईटी असते. फॉर्म कधी निघतात हे चित्रकलेच्या शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

चित्र दाखवल्यावर नुसते "छान" म्हणू नका आणि "हे काय काढलंस" असेही नको. एक नेमकी गोष्ट सांगा. "झाडाची सावली आवडली, पण घर हवेत तरंगतंय असं वाटतं." अशाने मुलाला इस्लाह ऐकायची सवय लागते. ज्याला नेमके ऐकायची सवय असते, त्याला वस्वसा ओळखता येतो.

जुने कागद फेकू नका. मागे तारीख घालून एका फाइलीत ठेवा. "मला जमत नाही" असे मूल म्हणाले की दोन वर्षांपूर्वीचे पान काढून आजच्या पानाशेजारी ठेवा. आपण तोंडाने काही बोलायची गरज राहत नाही.

भावंडाशी किंवा मोबाईलवरच्या चित्राशी तुलना करू नका. समोरच्याचे शेवटचे चित्र आपल्याला दिसते, त्याच्या मागचा काळा झालेला कागद दिसत नाही.

हरल्यावर लगेच समजावत बसू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या. मग शांतपणे विचारा, "नेमकं काय कमी पडलं?" उत्तर मिळाले तर त्यावर काम सुरू करा. उत्तर नाही मिळाले, नुसतेच "मी बेकार आहे" असे आले, तर तो वस्वसा आहे. त्याच्याशी वाद घालत बसू नये. कागद पुढे ओढावा आणि एक रेघ काढावी. रेघ सुरू झाली की तो आपोआप मागे हटतो.

हे सारे मुलांसाठी लिहिले असले तरी कित्येक घरांत तीस-चाळीस वर्षांच्या भगिनीही आहेत, ज्यांची भरतकामाची चौकट माळ्यावर पडली आहे किंवा ज्यांनी लग्नानंतर लेखणी हातात धरलेली नाही. रझांना त्यांचा बिंदू पन्नाशी उलटल्यावर सापडला. तुम्हाला तर अजून वेळ आहे. माळ्यावरची ती चौकट या जुम्म्याला खाली काढा आणि एक फूल भरून पाहा. बिघडले तर उसवता येते.

अल्लाह तआला प्रत्येक घरातल्या हुनराला बरकत देवो.